साठीच्या आसपास चेहऱ्यावर उपचार करून घ्यायचे असतील तर: यादी लिहिण्यापासून टाके काढण्यापर्यंत

पुतणीच्या साखरपुड्यात तिची ओटी भरण्यासाठी मी वाकले आणि माझ्या डाव्या कानातली मोत्याची कुडी फिरकीसकट ताटातल्या तांदळात पडली. फिरकी जागच्या जागी घट्ट होती. चाळीस वर्षे जड दागिने पेलून लांबट झालेले छिद्र त्या दिवशी पाळीच्या काठापर्यंत उतरले होते. पाळी शिवून घ्यावी म्हणून मी पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये गेले आणि तासाभराने बाहेर पडले तेव्हा पर्समध्ये चेहऱ्याच्या सहा सीटिंगच्या पॅकेजची पावती होती, कान मात्र तसाच फाटलेला होता.

त्यानंतरच्या दीड वर्षात मी चुका केल्या, मग चांगले डॉक्टर शोधले आणि जे करून घ्यायचे होते ते करून घेतले. मी डॉक्टर नाही. बँकेत हिशेब तपासण्यात नोकरी गेली, त्यामुळे कागद वाचायची आणि प्रश्न विचारायची सवय तेवढी आहे. पंचावन्न-साठीच्या पुढच्या ज्या बायकांना असे काही करून घ्यावेसे वाटते, पण सुरुवात कुठून करावी हे कळत नाही, त्यांच्यासाठी हे क्रमवार लिहीत आहे. ‘या वयात कशाला’ हा प्रश्न मी इथे घेतलेला नाही. तो विचारणाऱ्यांपैकी कोणीही माझे बिल भरले नाही.

१. तक्रार नेमक्या शब्दांत लिहून काढा

‘जरा फ्रेश दिसायचे आहे,’ एवढेच मी त्या पहिल्या क्लिनिकमध्ये म्हणाले होते. या वाक्यावर नेमके असे औषध नसते, म्हणूनच त्यावर काहीही विकता येते. तेव्हा सर्वांत आधी सकाळच्या उजेडात खिडकीजवळ आरसा घेऊन बसावे, चष्मा लावावा आणि जे खटकते ते एकेका ओळीत लिहावे. जागा कोणती आणि कधीपासून आहे, हेही सोबत लिहावे. बाथरूममधल्या वरच्या दिव्याखाली कोणाचाही चेहरा दहा वर्षांनी मोठा दिसतो, तिथे ही यादी करू नये.

माझ्या यादीत सात ओळी झाल्या: गालांच्या उंचवट्यावरचे तपकिरी डाग, मानेवर आणि डोळ्यांखाली मोहरीएवढे काळे दाणे, हनुवटीवर टोचणारे पांढरे केस, जड झालेल्या वरच्या पापण्या, कपाळावरच्या आडव्या रेषा, नाकाच्या बाजूने ओठांकडे उतरणाऱ्या घड्या, आणि फाटलेली पाळी. दुसऱ्या ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ती यादी वाचली, भिंगाने चेहरा पाहिला आणि पेन्सिलीने प्रत्येक ओळीपुढे एकेक शेरा लिहिला: ‘मलम’, ‘अर्ध्या तासाचे काम’, ‘लेझर नको’, ‘डोळ्यांचे डॉक्टर’, ‘आधी पापण्या’, ‘राहू द्या’, ‘टाके’. मी विकत घेतलेल्या पॅकेजमध्ये यांतल्या एकाही तक्रारीचा नीट उपाय नव्हता.

या यादीतल्या काही ओळी पुष्कळ जणींच्या यादीत निघतील, म्हणून त्यांच्याविषयी जरा सविस्तर सांगते.

कपाळावरच्या रेषा आणि जड पापण्या यांचा एकमेकींशी संबंध असू शकतो. वरच्या पापणीची कातडी सैल होऊन डोळ्यावर उतरू लागली की समोरचे नीट दिसावे म्हणून आपण नकळत दिवसभर भुवया वर ओढून धरतो आणि त्या ओढण्यानेच कपाळावर आडव्या रेषा पडतात. अशा बाईच्या कपाळात बोटॉक्स टोचले तर भुवया उचलणारा स्नायूच ढिला पडतो. रेषा जातात, पण पापण्या आणखी खाली येतात आणि औषधाचा अंमल उतरेपर्यंत डोळे अर्धवट मिटल्यासारखे राहतात. घरी पाहायचे असेल तर आरशात सरळ पाहत, तळहाताने कपाळ हलकेच दाबून भुवया स्थिर धराव्यात. कातडी पापणीच्या केसांवर टेकत असेल किंवा डोळ्याची बाहुली झाकू लागली असेल, तर आधी नेत्रतज्ज्ञांकडे जावे; त्यातही पापण्यांच्या शस्त्रक्रिया करणारे, म्हणजे ऑक्युलोप्लास्टीचे डॉक्टर मिळाले तर उत्तम. एकच पापणी अचानक उतरली असेल, संध्याकाळी जास्त उतरत असेल किंवा एकाच्या जागी दोन दिसत असतील, तर ती सौंदर्याची तक्रार समजू नये आणि लगेच दाखवावे.

हनुवटीच्या केसांची गोष्ट याहून सोपी आहे, पण पैसे मात्र तिथेच फार वाया जातात. लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगद्रव्यात शोषला जातो आणि त्या उष्णतेने मूळ जळते. पांढऱ्या केसात ते रंगद्रव्यच नसते, त्यामुळे कितीही सीटिंग घेतल्या तरी तो केस जात नाही. त्यावर इलेक्ट्रॉलिसिस हा उपाय आहे. त्यात प्रत्येक केसाच्या मुळाशी बारीक सुई नेऊन विजेने मूळ मारतात, म्हणून वेळ लागतो. चार-सहाच केस असतील तर छोटी कात्री किंवा चेहऱ्याचा रेझर पुरतो. रेझरने केस दाट येतात ही समजूत खोटी आहे. मात्र राठ केस अचानक भराभर वाढले आणि आवाजही जाड झाला, तर हार्मोन्सची तपासणी करून घ्यावी.

मानेवरचे काळे दाणे बहुधा साध्या चामखिळी असतात आणि कॉटरीने, म्हणजे विजेने तापवलेल्या टोकाने जाळून, थोड्या वेळात निघतात. परंतु जो तीळ किंवा दाणा वाढतो आहे, रंग बदलतो आहे, त्यातून रक्त येते आहे किंवा ज्याची जखम महिनाभरात भरत नाही, तो तपासल्याशिवाय कोणाकडूनही जाळून घेऊ नये. जाळलेल्या दाण्याची बायोप्सी करता येत नाही.

२. चेहऱ्याआधी तब्येत पाहून घ्या

चेहरा थकलेला दिसण्यामागे कमी हिमोग्लोबिन किंवा थायरॉइड असते आणि बाई मात्र डोळ्यांखालच्या क्रीमवर खर्च करत राहते, असे मी माझ्याच भिशीत दोनदा पाहिले आहे. म्हणून घरच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, या तपासण्या आधी कराव्यात. मानेची कातडी काळी आणि मखमलीसारखी जाड झाली असेल, तर ती घासून जाणार नाही. अनेकदा तिचा संबंध वजनाशी आणि मधुमेहाच्या वाटचालीशी असतो.

रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना सांगावी, पण स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नये. ती थांबवायची की नाही, हे हृदयाचे डॉक्टर ठरवतील. पेसमेकर, ओठांवर वारंवार येणारे तापाचे फोड, जुन्या जखमेचा उंच वण राहण्याची प्रवृत्ती, स्नायूंचा कोणताही आजार आणि भुलीच्या इंजेक्शनची ॲलर्जी या पाच गोष्टी कोणी विचारल्या नाहीत तरी आपण होऊन सांगाव्यात.

३. चेहरा कोणाच्या हाती द्यायचा

त्वचेसाठी एम.डी., डी.एन.बी., डी.व्ही.डी. किंवा डी.डी.व्ही.एल. या त्वचारोगातल्या पदव्या पाहाव्यात. शस्त्रक्रियेसाठी प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पाहावी. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ किंवा ‘एस्थेटिक एक्सपर्ट’ हे शब्द पाटीवर कोणालाही लिहिता येतात. भिंतीवर फ्रेम केलेली दोन दिवसांच्या कार्यशाळेची प्रमाणपत्रे म्हणजे पदवी नव्हे.

डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पैशांच्या पावतीवर असला पाहिजे, असा वैद्यक व्यवसायाच्या २००२ च्या नियमावलीचा दंडक आहे. तो क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, त्यामुळे ती चालू आहे का, हेही पाहावे. मला हे काम शिकायला नातवाची पाच मिनिटे लागली.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की सुई किंवा लेझर प्रत्यक्ष कोण चालवणार. पाटीवर एक नाव आणि खोलीत दुसरीच मुलगी, हा अनुभव मी घेतला आहे. फेशियल, थ्रेडिंग, केस रंगवणे हे पार्लरचे काम आहे आणि त्या बायका ते उत्तम करतात. इंजेक्शन, लेझर आणि ॲसिड हे पार्लरचे काम नाही.

पैशांची अडचण असेल तर सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांचा विचार जरूर करावा. पुण्यात ससून, मुंबईत केईएम आणि सायन इथे त्वचेचे आणि प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. रांग असते आणि सकाळ जाते, पण गालांवरचे डाग म्हणजे वांग आहे की दुसरे काही, याचे निदान तिथे पॅकेज न विकता मिळते.

४. पहिली भेट: कागद, प्रश्न आणि ‘आजची ऑफर’

एका फाइलमध्ये पुढील गोष्टी घालून न्याव्यात:

– तक्रारींची यादी, दोन प्रतींत;
– चालू औषधांच्या चिठ्ठ्या, त्यांत आयुर्वेदिक व होमिओपॅथिक औषधेही;
– गेल्या सहा महिन्यांतले रक्ताचे अहवाल;
– चेहऱ्याला लावत असलेल्या प्रत्येक क्रीमचे, तेलाचे आणि केसांच्या रंगाचे खोके किंवा त्याचा फोटो;
– दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा एखादा स्पष्ट फोटो.

शेवटची वस्तू मला सर्वांत उपयोगी पडली. तो फोटो पाहून डॉक्टर म्हणाल्या, ‘ओठांजवळच्या या घड्या तेव्हाही होत्या, तुमच्या चेहऱ्याची ठेवणच तशी आहे.’ त्या एका वाक्याने माझे फिलरचे, म्हणजे घड्या भरून काढणाऱ्या इंजेक्शनचे, पैसे वाचले.

पहिल्या भेटीत चेहऱ्याला काहीही लावून घेऊ नये, फक्त विचारावे. मला नेमके काय झाले आहे? काहीच केले नाही तर काय होईल? किती सीटिंग लागतील आणि फरक किती टिकेल? माझ्या रंगाच्या त्वचेवर कोणता धोका जास्त आहे? बिघडले तर कोण पाहील आणि त्याचे पैसे कोण देईल? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत.

तपासणीनंतर बऱ्याच ठिकाणी तुम्हाला वेगळ्या खोलीत काउन्सेलर म्हणवणाऱ्या मुलीसमोर बसवतात. ती गोड बोलते, ‘आंटी, तुमची स्किन किती छान आहे’ इथून सुरुवात करते आणि आज पैसे भरले तर ४० टक्के सूट आहे, असे सांगते. तिथे ‘घरी विचारून सांगते’ एवढेच म्हणून उठावे. एरवी मला हे वाक्य आवडत नाही, पण या खोलीत ते फार कामाचे आहे. दुसऱ्या दिवशी फोन येतो आणि सूट बहुधा तशीच शिल्लक असते.

५. उपचार स्वस्तापासून महागाकडे वाचा

मासिक पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतले सुमारे ३० टक्के कोलॅजन कमी होते, असे मानले जाते. शिवाय गालांतली चरबी आणि हाडही झिजत जाते. त्यामुळे रंग, पोत आणि बारीक रेषा यांत मलमाने फरक पडतो, पण लोंबणारी कातडी कोणतेही क्रीम उचलू शकत नाही. डबीवर ‘लिफ्टिंग’ छापले असले तरीही.

सनस्क्रीन: एसपीएफ किमान ३० आणि सोबत पीए+++ असलेले घ्यावे. दोन बोटांच्या लांबीएवढे चेहरा आणि मान मिळून लागते, आणि उन्हात असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. वांग असेल तर हलक्या रंगाचे, आयर्न ऑक्साइड घातलेले सनस्क्रीन मिळते ते घ्यावे, कारण वांगाला डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही गडद करतो. खिडकीची काच यूव्हीए किरणे आत येऊ देते, तेव्हा खिडकीपाशी बसून भाजी निवडणाऱ्या बाईलाही ते लागते.

ट्रेटिनॉइन: बारीक रेषा आणि डागांवरचे मलम. डॉक्टरांच्या चिठ्ठीने, रात्री, मटारच्या दाण्याएवढे, सुरुवातीला एक दिवसाआड. पहिले काही आठवडे कातडी सोलते आणि फरक दिसायला तीन महिने तरी लागतात, म्हणून निम्म्या जणी मध्येच सोडून देतात. यातला मोठा सापळा असा की हे मलम चालू असताना ओठांवर वॅक्स केले तर केसांबरोबर कातडीही निघते. पार्लरमध्ये आधी सांगावे.

पील आणि लेझर: पील म्हणजे ॲसिड लावून वरची कातडी सोलणे. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला थोडेसे जरी भाजले तरी तिथे काळा डाग पडतो आणि तो महिनोन्महिने राहतो. म्हणून ‘स्ट्राँग’ पीलची हौस करू नये. आधी कानामागे किंवा जबड्याखाली लहान जागेवर लावून पाहायला सांगावे. वांग आटोक्यात येतो आणि ऊन लागले की पुन्हा डोके वर काढतो, त्यामुळे ‘कायमचा घालवू’ असे म्हणणाऱ्यापासून सावध राहावे.

बोटॉक्स: स्नायू ढिला करणारे इंजेक्शन. तीन ते पाच दिवसांत परिणाम सुरू होतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि साधारण तीन-चार महिने टिकतो. हिशेब युनिटमध्ये होतो, आणि इथे दराची तुलना करताना फसायला होते: बोटॉक्स आणि त्याच जातीचे दुसरे इंजेक्शन डिस्पोर्ट यांची युनिटे सारखी नाहीत, डिस्पोर्टची अडीच-तीन युनिटे म्हणजे ढोबळमानाने बोटॉक्सचे एक. म्हणून ‘प्रति युनिट किती’ एवढेच न विचारता कोणते औषध, किती युनिटे आणि एकूण किती, असे विचारावे.

फिलर: हायल्युरॉनिक ॲसिडचे फिलर जागेनुसार सहा महिने ते दीड वर्ष टिकते आणि बिघडले तर हायल्युरॉनिडेज नावाच्या इंजेक्शनने विरघळवता येते. ते इंजेक्शन क्लिनिकमध्ये आत्ता, फ्रिजमध्ये आहे का, हे विचारावे. उत्तर गोलमोल आले तर तिथे फिलर घेऊ नये. ‘कायमस्वरूपी’ फिलरला सरळ नकार द्यावा.

धागे घालून किंवा अल्ट्रासाउंडने कातडी ताणण्याचे उपचार मी करून घेतले नाहीत. थोडी सैल कातडी असेल तर थोडा फरक पडतो, लोंबणाऱ्या कातडीला फारसा नाही, असे मला दोन डॉक्टरांनी वेगवेगळे सांगितले, तेवढे मला पुरले.

शस्त्रक्रिया: वरच्या पापण्यांची जास्तीची कातडी काढणे हे साधारणपणे जागच्या भुलीखाली होते, पाच-सात दिवसांनी टाके निघतात, आणि सूज व काळेनिळेपणा ओसरायला दोन आठवडे धरावेत. डोळे कोरडे पडत असतील तर आधी त्याची तपासणी करून घ्यावी, कारण या शस्त्रक्रियेनंतर कोरडेपणा वाढू शकतो. मोतीबिंदूचे ऑपरेशन जवळ आले असेल तर आधी काय करायचे, हे दोन्ही डॉक्टरांना विचारावे. फेसलिफ्टचा विचार असेल तर ती मोठी शस्त्रक्रिया आहे, आणि ती अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच करावी.

६. डब्या, ट्यूब आणि टिकल्या

शेजारणीला लागू पडलेली ट्यूब आणून लावू नये. डागांवरच्या अनेक ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड यांचे मिश्रण असते. दोन महिने चेहरा लखलखतो. पुढे कातडी पातळ होते, उन्हात आग होते, बारीक लव वाढते आणि ट्यूब थांबवली की चेहरा लालबुंद होतो. खोक्यावर मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी काही लिहिले असेल तर ते स्टिरॉइड आहे. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवरची अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय न देण्याच्या यादीत घातली, तरी ती मेडिकलमध्ये मागितली की मिळतात. बराच काळ लावत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवावे.

उत्पादकाचा पत्ता किंवा घटकांची यादी नसलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा असू शकतो आणि तो थेट मूत्रपिंडांवर जातो. असे रुग्ण केरळात आणि आपल्या महाराष्ट्रातही निघाले आहेत.

टिकलीखाली पांढरा डाग पडू लागला असेल तर तो टिकलीच्या गोंदातल्या रसायनाचा परिणाम असू शकतो. टिकली त्याच दिवशी सोडावी. कपाळाच्या कडेने आणि कानशिलांवर काळेपणा उतरला असेल तर केसांच्या रंगाकडे संशयाने पाहावे, काळ्या मेंदीकडेही, कारण तिच्यातही बऱ्याचदा केसांच्या रंगातले पीपीडी हेच रसायन असते. नवा रंग आधी कानामागे लावून ४८ तास थांबावे.

७. तारीख ठरवताना पंचांगाबरोबर ऊनही पाहा

माझी सर्वांत मोठी चूक इथली. पॅकेजमधली पहिली पील त्यांनी एप्रिलमध्ये केली, आणि पाचव्या दिवशी मी नेहमीप्रमाणे पहाटे चीक शिजवून गच्चीवर कुरडया घालायला बसले. डोक्यावर पदर होता, पण गच्चीच्या पांढऱ्या फरशीवरून उलटून येणाऱ्या उन्हाचा विचार डोक्यात नव्हता. संध्याकाळी गाल चुरचुरू लागले आणि आठवड्याने, जिथे तपकिरी डाग होते तिथे काळे पट्टे उमटले. ते फिके व्हायला पाच महिने लागले. वाळवणे आणि पील एका महिन्यात बसत नाहीत; पील आणि लेझरसाठी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा काळ बरा.

घरात लग्न असेल तर कोणताही नवा उपचार किमान तीन महिने आधी सुरू करावा. बोटॉक्स निदान महिनाभर आधी घ्यावे, म्हणजे दोन आठवड्यांनी तपासून कमीजास्त दुरुस्त करता येते. समारंभाच्या पंधरवड्यात ब्लीच किंवा नवे फेशियल करू नये. दातांचे काम आणि फिलर यांत दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे. शस्त्रक्रियेसाठी पाहुणे नसलेला पंधरवडा निवडावा, आणि स्वयंपाकाची व्यवस्था आधी लावावी; टाके असताना गॅससमोर वाकून उभे राहिले की सूज वाढते.

८. पैशांचा हिशेब

आरोग्यविम्यात केवळ सौंदर्यासाठीचे उपचार धरले जात नाहीत. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेची गोष्ट वेगळी आहे. पापणीमुळे नजरेचे क्षेत्र झाकले जात असेल तर त्याची फील्ड टेस्ट करून, अहवालासह कंपनीला आधीच लेखी विचारावे. आरोग्यसेवेला मिळणारी जीएसटीची सवलत सौंदर्यशस्त्रक्रियेला मिळत नाही, म्हणून सांगितलेला आकडा करासह आहे की कराविना, हे विचारावे.

सहा सीटिंगचे पैसे एकदम भरू नयेत. प्रत्येक वेळी पैसे देऊन पावती घ्यावी. बिनव्याजी हप्त्यांचा कागद म्हणजे तुमच्या नावावरचे कर्ज असते, आणि ते क्लिनिकने नव्हे तर एखाद्या वित्तसंस्थेने दिलेले असते. क्लिनिकला टाळे लागले तरी हप्ता सुरूच राहतो. बोटॉक्सचा खर्च एका वेळेचा न धरता वर्षाचा, म्हणजे तीन-चारपट धरावा. माझ्या कानांच्या दोन्ही पाळ्यांचे मिळून अकरा हजार रुपये झाले. फसलेल्या पॅकेजचे त्याच्या चौपट गेले होते.

९. उपचाराच्या दिवशी

कुंकू, पावडर, लिपस्टिक काहीही न लावता जावे आणि सोबत कोणाला तरी न्यावे. संमतीपत्र सही करण्यापूर्वी पूर्ण वाचावे. आपले फोटो जाहिरातीत वापरण्याची परवानगी त्यातच कुठेतरी एका ओळीत असते, ती खोडून शेजारी सही करावी. आधीचे फोटो त्यांच्याइतकेच आपल्याही फोनमध्ये काढून ठेवावेत.

सुई आणि औषधाची बाटली किंवा सिरिंज आपल्यासमोर उघडायला सांगावी. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका विनापरवाना स्पामध्ये स्वतःचेच रक्त चेहऱ्यात टोचण्याच्या उपचारातून स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाली होती, तेव्हा हे सांगण्यात संकोच करण्यासारखे काही नाही. बॅच क्रमांकाचे स्टिकर आपल्या फाइलमध्ये लावून घ्यावे.

१०. घरी आल्यावर

बोटॉक्सनंतर चार तास आडवे पडू नये आणि ती जागा चोळू नये. कॉटरीच्या खपल्या आपोआप पडू द्याव्यात. फिलरनंतर मात्र एका गोष्टीकडे फार बारकाईने पाहावे: एखादा भाग पांढराफटक पडला, जांभळट जाळीसारखा दिसू लागला, असह्य दुखू लागला किंवा नजर धूसर झाली, तर रक्तवाहिनी बंद झालेली असू शकते. तिथे मिनिटांना किंमत असते. सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करून निघावे. बोटॉक्सनंतर गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर सरळ मोठे रुग्णालय गाठावे.

काही बिघडले आणि क्लिनिक दाद देईनासे झाले, तर आपल्या उपचारांच्या नोंदी लेखी मागाव्यात. मागणीनंतर ७२ तासांत त्या देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पुढे वैद्यक परिषदेकडे किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते; डॉक्टरांची सशुल्क सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले आहे. ग्राहक आयोगासाठी मुदत दोन वर्षांची असते. मी आयोगाकडे गेले नाही, पण नोंदी मागणारे पत्र दिल्यावर उरलेल्या पाच सीटिंगचे पैसे परत आले.

राहता राहिला कान. पाळीच्या चिरेच्या दोन्ही कडांवर आतून कातडी आलेली असते, म्हणून त्या नुसत्या जवळ आणून चिकटत नाहीत. डॉक्टर ती कातडी काढून कडा ताज्या करतात आणि मग शिवतात. काही पार्लरमध्ये ॲसिड लावून पाळी ‘जोडून’ देतात, त्या वाटेला जाऊ नये. भुलीची सुई पाळीत शिरते तेवढाच क्षण दुखतो, नंतर कानाशी फक्त दोरा ओढल्याचा बारीक आवाज येत राहतो. माझे टाके सातव्या दिवशी निघाले. कान पुन्हा तीन महिन्यांनी टोचायचा, आणि तोही जुन्या वणाच्या रेषेवर न टोचता तिच्या शेजारी, असे डॉक्टरांनी बजावले होते. सोनाराला ते आधी सांगावे लागते, कारण त्याचा हात सवयीने मधोमध जातो. रोज आता हलकी बाळी असते. मोत्याच्या कुड्या सणासुदीला घालायच्या असतील तर त्यांना वेल जोडून घ्यावा. त्याची साखळी कानावरून नेऊन केसांत अडकवली की दागिन्याचे निम्मे ओझे पाळीवरून उतरते.